जुने नेपोलियनी सैनिक गोळा करणं, रंगवणं आणि खेळवणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न मेसेजमधून येतात आणि मी प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात उत्तर देत बसते, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, "व्हिंटेज" म्हणजे नेमके कुठले सैनिक? किती जुने असले की व्हिंटेज?

कायद्यासारखी व्याख्या नाही. पण या छंदातली माणसं साधारण १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये ओतलेले छोटे धातूचे सैनिक असंच धरतात. हिंटन हंट, लेस हिगिन्स, साउदॅम्प्टनची मिनिफिग्ज, यॉर्कशरमधल्या मेल्थमची हिंचलिफ ही त्यातली मोठी नावं, आणि त्यांच्या जोडीला एअरफिक्सचे मऊ प्लास्टिकचे वॉटर्लू सेट, जे १९७० च्या आसपास तिकडच्या पोरांना खाऊच्या पैशात मिळायचे. धातू म्हणजे शिसं आणि कथिल यांचं मिश्रण, शिशाचा भाग भरपूर. या छंदातली माणसं टेबलावर फासे, मोजपट्टी आणि नियमांचं पुस्तक घेऊन ऑस्टरलिट्झ, बोरोडिनो, वॉटर्लू या नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढायची. सैनिक त्यासाठीच बनलेत, हे लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे परत येणार आहे.

२. कपाटात ठेवायचे मोठे शिशाचे सैनिक पण असतात ना, ते वेगळे का?

हो, वेगळे. ते बहुतेक ५४ मिमीचे, म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत दोन इंचांहून जरा जास्त. ब्रिटन्स कंपनीने १८९३ साली आतून पोकळ ओतायची युक्ती काढली आणि ते स्वस्त झाले. जर्मनीत त्याच्याही आधीपासून न्युरेंबर्गचे चपटे कथिलाचे सैनिक होते, पत्त्यासारखे पातळ, साधारण ३० मिमीचे, त्यांचे वेडे आजही आहेत. मी फक्त २० ते २५ मिमीच्या गोलाकार, खेळायच्या सैनिकांबद्दल लिहितेय.

३. महाराष्ट्रातल्या माणसाने नेपोलियनच्या लढाया का खेळायच्या? आपल्याकडे लढाया कमी आहेत का?

हा प्रश्न जवळजवळ दर महिन्याला येतो, कधी कुतूहलाने, कधी रागाने. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन आधी इथे, आपल्या मातीत लढला. २३ सप्टेंबर १८०३, असई, जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य, त्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी, ज्यांना युरोपियन अधिकाऱ्यांनी शिकवलं होतं, आणि त्यांच्या तोफा इतक्या नेमक्या चालल्या की वेल्स्लीची (तेव्हा तो वेलिंग्टन झाला नव्हता) सोळाशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी त्याला तुझी सगळ्यात चांगली लढाई कुठली असं विचारलं तर त्याने असईचं नाव घेतलं असं सांगतात. त्याच मोहिमेत आधी अहमदनगरचा किल्ला पडला, पुढे २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. म्हणजे नेपोलियनच्या काळातल्या युद्धांचा एक धागा थेट मराठवाडा आणि विदर्भातून जातो. मी स्वतः या छंदाकडे वॉटर्लूतून नाही, असईतून आले.

४. २० मिमी, २५ मिमी, २८ मिमी... डोकं चक्रावलंय. एकत्र चालतील का?

माप पायाच्या तळापासून घ्यायचं एवढं सगळ्यांना मान्य, वर डोळ्यापर्यंत की टोपीपर्यंत यावर मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं मत, शिवाय वर्षागणिक सैनिक हळूहळू मोठे होत गेले. हिंटन हंट आणि लेस हिगिन्स २० मिमी म्हणवतात, मिनिफिग्जची जुनी एस मालिका २५ मिमीची पण बारीक चणीची, हिंचलिफचा २५ मिमी त्याच्याहून उंच आणि लांब पायांचा, आणि आजचा २८ मिमी सैनिक त्याच्या शेजारी पैलवान दिसतो.

माझा नियम असा की एका बटालियनमध्ये एकच कंपनी, एका टेबलावर दोन तीन चालतात. तीन फुटांवरून बघताना वेगळी बटालियन थोडी बुटकी असली तरी डोळा स्वीकारतो, पण एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून दोन चणी उभ्या राहिल्या की लगेच खटकतं. घोडे मात्र अजिबात मिसळू नका, घोड्यात फरक जास्त उठून दिसतो.

५. लॉटमध्ये आलेले सैनिक कुठल्या कंपनीचे ते कसं ओळखायचं?

आधी उलटा करून बेसच्या खाली बघा. हिंटन हंटच्या बेसखाली बऱ्याचदा नाव आणि कोड कोरलेला असतो. इंग्रजी एफ आणि एन म्हणजे फ्रेंच नेपोलियनी, बी आणि एन म्हणजे ब्रिटिश, पुढे आकडा. पण नुसत्या कोडवर विसंबू नका, कारण हीच अक्षरं बाकीच्या कंपन्यांनीही वापरली.

मग अंगकाठी बघायची. हिंचलिफचे सैनिक पीटर गिल्डरने घडवलेले, त्यात हालचाल खूप, कोट उडतोय, माणूस पुढे झुकलाय, चेहऱ्याला हाडं आहेत, बंदूक आणि संगीन इतकी बारीक की श्वास रोखून धरावा लागतो. मिनिफिग्ज शांत, उभे, बंदूक जाडसर आणि अंगाला चिकटलेली, पोरांच्या हातात टिकेल अशी. लेस हिगिन्स लहान पण प्रमाणबद्ध, मला विचाराल तर सगळ्यात देखणे. पाच सहा महिने हाताळलेत की बेस न बघता कळायला लागतं, आजीला तांदूळ हातात घेऊन कळतो तसं.

६. नक्कल आहे का ते कसं कळणार?

मूळ सैनिकावरून साचा बनवून पुन्हा ओतला की थंड होताना धातू किंचित आकसतो, म्हणून नक्कल अस्सलपेक्षा जराशी लहान आणि बोथट असते. खात्रीचा अस्सल सैनिक शेजारी उभा करा, शाकोच्या (उंच नळकांडी लष्करी टोपी) वरच्या कडेची रेघ आणि बटणं बघा. नकलेत बटणं विरघळलेल्या साखरेसारखी, बगलेत आणि पायांच्या मधे धातूचा पडदा, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि बेसखालचा कोड अर्धवट पुसलेला. आणि घरी नकला ओतून विकू नका. मूर्तिकाराची मेहनत असते ती, आणि शिशाच्या वाफा घरात नकोतच (प्रश्न ९).

७. मूळ साच्यातून आज ओतलेला सैनिक व्हिंटेज धरायचा का?

मिनिफिग्ज आणि हिंचलिफ दोन्हीचे जुने सैनिक आजही ओतून मिळतात, मालक बदललेत पण घडण तीच. काही संग्राहक त्यांना व्हिंटेज म्हणायला अजिबात तयार नाहीत. मी म्हणेन की खेळासाठी काहीही फरक पडत नाही, आणि तुमच्या जुन्या बटालियनला चार माणसं कमी पडत असतील तर हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे. फक्त विकताना "जुना ओतीव" म्हणून विकू नका, आज ओतलाय ते सांगा. नवा धातू बहुतेकदा जास्त चमकदार आणि कडक लागतो.

८. घ्यायचे कुठून, आणि भारतात आणायचे कसे?

इंग्लंडमध्ये असाल किंवा कुणी नातेवाईक असेल तर शोमध्ये जायचं. लंडनचा सॅल्यूट, न्यूअर्कचा पार्टिझन, यॉर्कचा व्हॅपनार्टॅक. तिथे "ब्रिंग अँड बाय" नावाची टेबलं असतात, लोक घरातलं जुनं आणून ठेवतात, आणि सकाळी दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात चांगलं सगळं उचललं जातं. मी लेस्टरला होते तेव्हा माझी निम्मी फौज अशीच बिस्किटाच्या डब्यांतून आली. बाकी ईबे आहेच. "जुने शिशाचे सैनिक, मिक्स" असं लिहून अंधुक फोटो टाकणाऱ्या विक्रेत्याकडे कधी कधी खरा माल सापडतो, कारण त्याला काय विकतोय ते माहीत नसतं.

भारतात पार्सल मागवताना डोकं शांत ठेवा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची अट आहे. ऑर्डर करायच्या आधी चालू दर बघून घ्या. "गिफ्ट लिहून पाठव" हा सल्ला सगळे देतात पण २०१९ च्या शेवटीच ती सवलत राखी आणि जीवनावश्यक औषधं सोडून बंद झाली. खोटं काही लिहू नका, पार्सल अडकलं की महिनोन्महिने अडकतं.

मी येताना बॅगेतून आणते. एकदा केबिन बॅगेत दोनशे सैनिक होते, एक्सरेच्या पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसला आणि सगळे डबे उघडायला लावले, बोलाचालीत एक हुसार (हलका घोडेस्वार) खाली पडून त्याची तलवार गेली. तेव्हापासून सैनिक चेक-इनमध्ये, प्रत्येक माणूस टिश्यूमध्ये गुंडाळून, वर फोटोंची छापील यादी.

९. शिसं विषारी असतं ना? घरात लहान मुलं आहेत.

असतं, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यांचं ऐकू नका. नुसता हातात धरून सैनिक बघितल्याने काही होत नाही, धोका तोंडावाटे पोटात जाणाऱ्या आणि श्वासातून जाणाऱ्या धुळीचा. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, काम करताना चहा आणि चिवडा टेबलावर नाही, ब्रशला ओठांनी टोक काढायची सवय असेल तर आजच सोडा. कानस किंवा पॉलिश पेपर कोरडा चालवू नका, ओला करून घासा आणि पडलेला कीस ओल्या फडक्याने पुसून टाका, झाडूने झाडू नका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला या कामापासून लांब ठेवा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम नकोच.

शिसं जास्त आहे का ते बघायचं असेल तर बेसची कडा पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर भरपूर शिसं आहे. मुलांना खेळायचं असेल तर एअरफिक्सचं प्लास्टिक द्या (प्रश्न १३).

१०. सैनिकांवर पांढरी पावडर आलीय, बुरशी आहे का?

बुरशी नाही, शिशाला लागलेली कीड म्हणा. हवेतल्या आम्लाच्या वाफा आणि ओलावा मिळून शिशाचं पांढरं कार्बोनेट तयार होतं, आणि वेळेत बघितलं नाही तर आतून सैनिक पोखरून निघतो, बोटाने दाबला की भुगा. आम्लाच्या वाफा येतात कुठून? ओकसारखं लाकूड, नवीन प्लाय आणि एमडीएफ, स्वस्त पुठ्ठा, काचेच्या कपाटाला लावलेलं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन. आपल्याकडे हौसेने नवीन शोकेस करून घेतली जाते आणि त्यातच सैनिक मरतात, हे मी तीन घरांत बघितलंय.

लागण झालेले आधी बाजूला काढा. मास्क आणि हातमोजे घालून, बाहेर गॅलरीत, ओल्या ब्रशने पावडर काढा, ती पावडर सगळ्यात विषारी. मग साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण, अगदी पूर्ण वाळवा, आणि लगेच प्रायमर व वार्निशचा थर द्या. ठेवायला पॉलिप्रॉपिलिनचे प्लास्टिक डबे किंवा पत्र्याचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्यात बदला.

११. जुना रंग खराब वाटतो. काढून नवीन रंगवू का?

थांबा. हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय.

माझ्याकडे हिंचलिफच्या चोवीस फ्रेंच सैनिकांचा एक संच आहे. आला तेव्हा वार्निश चहासारखं पिवळं पडलेलं, दोघांच्या संगिनी वाकलेल्या. रंग काढायला मी डेटॉलचा डबा काढलाच होता (प्रश्न १२). मग दिव्याखाली एकेक बघायला लागले. उजवीकडून तिसऱ्या माणसाच्या उजव्या गुडघ्यावर तपकिरी ठिगळ होतं, आणि फक्त त्याच्याच. रंगवणाऱ्याला माहीत होतं की स्पेनमध्ये लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांचे कपडे फाटले की ते तिथल्या तपकिरी कापडाने शिवायचे. शेवटच्या रांगेतल्या एकाला मिशी नाही, बाकीच्यांना आहे, म्हणजे तो नवीन भरती झालेला पोरगा. आणि बेसखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात पंचेचाळिसावी रेजिमेंट, ज्यांचं गरुडनिशाण वॉटर्लूला स्कॉट्स ग्रेज घोडदळाच्या सार्जंट यूअर्टने हिसकावून नेलं. कुणीतरी हिवाळ्याच्या रात्री बसून, कदाचित पन्नास वर्षांपूर्वी, त्या पोराची मिशी मुद्दाम सोडली होती. मी डबा ठेवून दिला.

पिवळं वार्निश गेलं नाही, पण मऊ ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने धूळ गेली, दोन पट्टे जिथे उडाले होते तिथे तेवढाच पांढरा लावला, वरून एक ग्लॉस वार्निश. आता ती बटालियन माझ्या टेबलावर डाव्या बाजूला पहिली उभी असते.

तर रंग काढा पण फक्त तेव्हा, जेव्हा रंगाचे थर इतके जाड आहेत की चेहरा बुजलाय, किंवा कीड लागलीय, किंवा कुणीतरी घरच्या ऑइल पेंटने नुसता बुडवलाय. नुसता "माझ्यासारखा नाही" म्हणून काढू नका. काढलेला रंग परत येत नाही.

१२. ठरलंय, काढायचाच आहे. कसा?

डेटॉल, तोच आपला तपकिरी, पाणी न घालता. इंग्लंडमधले जुने खेळाडू पण हेच वापरतात. काचेच्या बरणीत सैनिक बुडतील एवढा ओतायचा, झाकण लावून चोवीस तास, जुना एनॅमल असेल तर दोन तीन दिवस. हातमोजे हवेतच, कारण शुद्ध डेटॉल कातडी सोलतो.

आता सगळ्यांची चूक होते ती जागा. बाहेर काढून थेट नळाखाली धरू नका! पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट डांबरासारखा होतो आणि बटणांच्या मधे कायमचा बसतो. आधी दुसऱ्या वाटीत ताजा डेटॉल घेऊन त्यात जुन्या टूथब्रशने घासा, सगळा रंग गेला की मग भांड्यांचा साबण, आणि शेवटी पाणी. घोडेस्वार चिकटवलेले असतील तर सुटू शकतात, कुठला स्वार कुठल्या घोड्यावरचा ते आधी फोटो काढून ठेवा. वापरलेला डेटॉल सिंकमध्ये ओतू नका, त्यात जुना शिशाचा रंग आहे, बंद बाटलीत भरून घातक कचऱ्यात द्या.

१३. एअरफिक्सच्या प्लास्टिकवर रंग टिकतच नाही, वाकवला की खपल्या पडतात.

ते पॉलिथिन आहे, साबणासारखं गुळगुळीत, रंगाला धरायला जागाच नाही. आधी कोमट साबणाच्या पाण्यात घासून साच्याचं तेल काढा. मग फेविकॉल पाण्यात निम्मा निम्मा करून पातळ थर द्या, वाळला की पारदर्शक लवचिक कातडी होते. त्यावर ॲक्रिलिक, आणि शेवटी परत एक फेविकॉलचा किंवा वार्निशचा हात. वाकलेली बंदूक उकळत्या पाण्यात दहा सेकंद धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात. जुनं पॉलिथिन कधी कधी ठिसूळ झालेलं असतं, त्याला वाकवायला जाऊ नका, संगीन टिचकन तुटते.

१४. भारतात मिळणाऱ्या रंगांनी काम होईल का?

होईल. मी सुरुवात कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूबने केली, अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या. त्यांचा रंगद्रव्याचा दाणा व्हॅलेहोसारख्या मॉडेलच्या रंगांपेक्षा जाड असतो म्हणून पातळ करून दोन हात द्यावे लागतात, पिवळा आणि लाल तर तीन. पांढरा, काळा, तपकिरी, हिरवा बिनधास्त कॅमलचे वापरा, गडद निळा, लाल आणि कातडीचा रंग तेवढे चांगले घ्या. इंग्लंडमधल्या जुन्या लोकांनी हंब्रोलचा एनॅमल वापरला, त्याची चमक सुंदर, पण वास आणि टर्पेंटाइन बंद खोलीत नको.

ब्रशवर कंजुषी करू नका. एक नंबरचा चांगला केसांचा ब्रश, टोक टिकणारा, हाच नव्वद टक्के काम करतो. शून्य शून्य शून्य नंबरच्या ब्रशात रंगच मावत नाही, सैनिकापर्यंत पोचेस्तोवर वाळतो.

१५. जुन्या पद्धतीने रंगवायचं म्हणजे काय करायचं? आणि पांढरे पट्टे स्वच्छ कसे येतील?

जुनी पद्धत म्हणजे स्वच्छ सपाट रंग, दोन रंगांच्या मधे बारीक काळी किंवा गडद रेघ, आणि वरून ग्लॉस. आजकाल एकावर एक छटा आणि मळकट वॉश देतात, तेही छान, पण १९७० चा हिंचलिफ ग्लॉसमध्ये खुलतो, दिव्याखाली रांग लखलखते.

मी काळ्या प्रायमरवर काम करते. क्रम आतून बाहेर, म्हणजे जे अंगाला सगळ्यात जवळ ते आधी. चेहरा आणि हात, मग विजार, मग कोट, मग कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या, मग पाठीवरची सॅक, आणि पट्टे जवळजवळ शेवटी. पट्ट्याला आधी फिकट राखाडी द्या, कडेला काळ्या प्रायमरची केसाएवढी रेघ सोडून. वाळल्यावर मधोमध पांढरा. थेट काळ्यावर पांढरा दिला तर चार हात लागतात आणि पट्टा दोरखंडासारखा जाड होतो. हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा आणि सैनिकाला बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच फिरवा, ब्रश नाही.

एकेक सैनिक पूर्ण करू नका. आठ जण घ्या, सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे कोट. बटालियन उभी राहते ती अशीच.

१६. फ्रेंच निळा नेमका कोणता? आणि ब्रिटिश लाल?

फ्रेंच कोट नीळ वापरून रंगवलेला, खूप गडद, सावलीत काळाच वाटेल असा. पण इतक्या लहान आकारावर खरा गडद निळा मेलेला दिसतो, म्हणून एक पाऊल उजळ घ्या. एक गोष्ट सांगते, ब्रिटिश नाकेबंदीने फ्रान्सला नीळ मिळेनाशी झाली (बंगालच्या निळीचा व्यापार तेव्हा इंग्रजांच्या हातात होता) म्हणून १८०६ मध्ये नेपोलियनने काही पायदळ रेजिमेंटना पांढरे कोट दिले, आणि वर्षभरात परत निळ्यावर आले. आयलाउच्या लढाईत बर्फात पांढऱ्यावरचं रक्त नेपोलियनला बघवलं नाही असं सांगतात. तुमच्या लॉटमध्ये पांढऱ्या कोटातला फ्रेंच निघाला तर तो चुकून ऑस्ट्रियन रंगवलेला असेलच असं नाही!

ब्रिटिश शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या रंगाचा, विटकरीकडे झुकणारा, उन्हापावसात आणखी उतरायचा. अधिकाऱ्याचा मात्र झळझळीत लाल. एका बटालियनमध्ये हे दोन लाल वेगळे ठेवलेत की अधिकारी आपोआप नजरेत भरतो.

१७. फ्रेंच शाकोवरचे रंगीत गोंडे काय आहेत? माझ्याकडे सगळे वेगवेगळे रंगवलेत.

ते कंपनीचे रंग (इथे कंपनी म्हणजे बटालियनमधली तुकडी, सैनिक ओतणारी नाही). १८०८ नंतर फ्रेंच बटालियन सहा कंपन्यांची. एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), लाल तुरे आणि लाल खांदेपट्ट्या. एक व्होल्टिजर (पुढे जाऊन चकमकी करणारे चपळ शिपाई), पिवळा आणि हिरवा. मधल्या चार साध्या फ्यूझिलियर कंपन्या, पहिली गडद हिरवा गोंडा, दुसरी आकाशी, तिसरी नारिंगी, चौथी जांभळा. तुमच्या जुन्या सैनिकांचे गोंडे असे वेगळे असतील तर आधीच्या मालकाने अभ्यास केला होता, पुसू नका (प्रश्न ११).

१८. एका बटालियनमध्ये किती सैनिक लागतात?

नियमांवर आहे. एक सैनिक वीस माणसांचा धरला तर कागदावरची ८४० जणांची फ्रेंच बटालियन ४२ होते, एकाला तेहेतीस धरलं तर २५. पण बटालियन कधीच पूर्ण भरलेली नसायची. मी फ्रेंचांना ३६ धरते कारण सहा कंपन्यांना सहा सहा येतात, आणि ब्रिटिशांना ३० कारण त्यांच्या दहा कंपन्या. पैसे आणि वेळ कमी असेल तर २४ आणि २० पण चालतं. ३६ जणांची एक बटालियन पूर्ण करा, मग दुसरी विकत घ्या. अर्धवट सहा बटालियनी डब्यात पडून राहतात त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

१९. माझे ब्रिटिश दोन वेगळ्या टोप्यांचे आहेत. एकत्र चालतील?

सरळ नळकांड्यासारखा शाको आधीचा. पुढची बाजू उंच असलेला १८१२ चा. स्पेनमधल्या बहुतेक लढायांना पहिला, वॉटर्लूला बहुतांश दुसरा. पण हलकं पायदळ, रायफलवाले आणि अठ्ठाविसावी रेजिमेंट वॉटर्लूलाही जुन्यातच होते, म्हणून जुन्या टोपीवाल्यांना टाकून देऊ नका, त्यांची वेगळी बटालियन करा. फ्रेंचांचंही असंच, लांब शेपटीचा कोट १८१२ पर्यंतचा, कमरेपर्यंत बंद आखूड कोट १८१३ पासून प्रत्यक्षात दिसायला लागला.

२०. संगीन तुटलीय / वाकलीय.

वाकली असेल तर एकदाच, हळू, बोटाने सरळ करा. मागेपुढे केलीत तर धातू थकतो आणि तुटते. तुटलीच तर शिंप्याकडची बारीक टाचणी घ्या, डोकं कापा, बंदुकीच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने भोक पाडा, फेविक्विकने बसवा. टाचणी स्टीलची असते म्हणून मुलांपासून जपा. माझ्या त्या हुसारची तलवार पण आता टाचणीचीच आहे, हातोडीने जरा चपटी करून.

२१. वार्निश केल्यावर सगळे धुरकट पांढरे झाले!

पावसाळ्यात मारलंत ना? हवेतला ओलावा स्प्रेच्या थरात अडकतो. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोवा इथे स्प्रे वार्निश मारूच नका, ब्रशने लावा. झालंच असेल तर घाबरू नका, कोरड्या उन्हाच्या दिवशी ब्रशने ग्लॉसचा एक पातळ हात द्या, बहुतेकदा परत पारदर्शक होतं.

२२. जुने पुठ्ठ्याचे बेस काढून नवीन लावू का?

बेसखाली काही लिहिलं असेल तर नाही. आहे तसा नवीन बेसवर चिकटवा किंवा आधी फोटो काढा. काढायचाच तर पाण्यात भिजवून पुठ्ठा मऊ करा, ब्लेडने खरवडताना पावलं तुटतात. नव्या बेसवर साधा हिरवा रंग जुन्या सैनिकांना शोभतो, खोटं गवत आणि दगड घातलेत की सैनिक हरवतो.

२३. लॉटमध्ये एकच वेगळा सैनिक निघाला, त्याच्या जोडीचे कुणीच नाहीत. काय करू?

विकू नका. त्याला वेगळ्या गोल बेसवर ठेवा, तो निरोप्या होईल, जनरलच्या शेजारी उभा राहील, किंवा जंगलाच्या कडेला एकटा पहारेकरी. जखमी किंवा पडलेला असेल तर कुठली बटालियन डळमळलीय ते दाखवायला त्याच्यामागे ठेवायचा. माझ्याकडे एक हिंटन हंटचा ढोलवादक आहे, डावा हात नाही, कुठल्या संचातला ते आजवर कळलं नाही. गेल्या दिवाळीत असई मांडली तेव्हा तो नद्यांच्या बेचक्यात, ब्रिटिशांच्या चौऱ्याहत्तराव्या रेजिमेंटच्या मागे उभा होता, आणि भाच्याने प्रत्येक चालीनंतर त्याला एक एक इंच पुढे सरकवलं.